गोड्या पाण्याचा लोभी

पहिल्या दिवशी तो बांधावर आला तेव्हा भरती पुरी चढलेली होती. त्यानं चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढली, समुद्राला हात जोडले आणि ओंजळभर पाणी घेऊन सरळ तोंडात घातलं. मग थुंकला. तोंड वाकडं करून आमच्याकडे वळला आणि विचारलं, "ह्ये कुणी नासवलं?"

आम्ही बांधावर चिखल टाकत होतो. हातातल्या पाट्या तशाच खाली ठेवून हसलो. माझी बायको सगळ्यात जास्त हसली. तिला हसू आवरायची सवयच नव्हती.

समुद्राचं पाणी खारट असतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. शिकलेला माणूस, ओव्हरसियर होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि जिभेला पटणं वेगळं. डोळ्यांपुढे एवढं पाणी पसरलंय आणि त्यातला घोटही पिता येत नाही, हे त्याला कधी पटलंच नाही. आमच्याकडे होता तेवढी वर्षं तो समुद्रावर या एका गोष्टीसाठी रागावलेला होता.

खरं तर हे सगळं माझी बायको सांगायची. त्याचा आवाज काढायची, त्याच्यासारखी मान वाकडी करायची, लोक पोट धरून हसायचे. मी मधे बोललो की म्हणायची, तुम्ही गप ऱ्हावा, तुम्हाला सांगता येत नाय. गेल्या वैशाखात ती गेली. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून मी सांगतो. मला आवाज काढता येत नाहीत. काय झालं तेवढं माहीत आहे.

आमचं गाव पालघर आणि तारापूरच्या मधे, खाडीच्या तोंडाशी. गावापुढची भातजमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे फक्त मातीचा एक बांध. बांध आहे तोवर भात, बांध फुटला की मीठ. बांध फुटून जे भगदाड पडतं त्याला आम्ही खांड म्हणतो. खांडीतून समुद्र एकदा आत आला की जमीन पुढची दोन-तीन वर्षं दाणा देत नाही आणि विहिरीचं पाणी गुरं पण हुंगून सोडतात. बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. खालून दगडी मोरी आणि समुद्राच्या अंगाला वरून टांगलेली जाड लाकडी झडप. भरती आली की समुद्रच झडप दाबून बंद करतो. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर निघून जातं. कोणी उघडायला नको, कोणी लावायला नको. या बांधावर आणि उघाडीवर देखरेख करायला सरकारनं जो माणूस पाठवला तो माणदेशातला, जिथं ढग नुसते वरून बघून जातात. बहात्तरच्या दुष्काळात तो तिकडे खडी फोडणाऱ्या लोकांच्या कामावर होता. म्हणजे जन्मभर ज्यानं पाणी शोधलं, त्याला पाणी बाहेर ठेवायच्या कामाला लावलं. सरकारला माणूस कुठे ठेवावा हे नेमकं कळतं.

भाड्यानं राहायला तो आमच्याच पडवीत आला, कारण आमच्या पडवीतून बांध दिसायचा. मला मालक म्हणायचा, बायकोला वैनी. आम्ही त्याला सायेब म्हणायचो. पाठीमागे गाव त्याला दुष्काळ म्हणायचं. दुष्काळ बांधावर गेला, दुष्काळ जेवायला बसला, असं. त्याला ते कळलं तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, बरोबर नाव ठेवलंय, तिकडं बी मला हेच दिसायचं, इकडं बी लोकांना हेच दिसतंय.

त्याचं पहिलं खूळ आमच्या भांड्यांवर आलं. आमच्याकडे पाऊस लागला की चार महिने पागोळ्या थांबत नाहीत. त्याला पागोळी जमिनीवर पडलेली सोसायची नाही. दिसेल ते भांडं उचलायचा आणि पागोळीखाली ठेवायचा. हंडा, कळशी, टोप, पीठ मळायची परात, दुधाचा कटोरा. बायको भाकरी करायला बसायची तर परात अंगणात. ती पाणी फेकून परात आत आणायची. तो कामावरून आला की तिची नजर चुकवून पुन्हा बाहेर. एकदा तिनं चिडून त्याचा स्वतःचा पितळी तांब्याच पागोळीखाली ठेवला आणि म्हणाली, आता प्यायला कशात घेणार ते सांगा. तो उकिडवा बसला, मान वर केली आणि पागोळीलाच तोंड लावलं. तिनं कपाळाला हात मारला.

आंघोळ एका तांब्याची. त्यातलं अर्धं पाणी अळवाला जायचं. मी म्हणायचो, सायेब, इथं पाणी फुकट हाय, अंग भिजू दे जरा. तो म्हणायचा, मालक, फुकट हाय म्हणूनच भ्या वाटतं. आमच्या माणदेशात पाव्हणा आला तर त्याला बसवायचं का नाही ते नंतर, आधी बघायचं की त्यो हातपाय धुयाला मागतोय का. असलं तो काहीतरी रोज सांगायचा. खरं किती, वाढवून किती, कोण जाणे. बायको ऐकून घ्यायची आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

एकदा रविवारी त्याला केळव्याला घेऊन गेलो. मुंबईचे लोक आलेले, बायका-पुरुष कपड्यासकट पाण्यात. तो वाळूत उभा राहून बराच वेळ बघत राहिला. मग मला हळूच विचारलं की हे लोक भाडं भरून इथवर फक्त भिजायला आले का. मी हो म्हणालो. त्यानं त्या लोकांना लांबूनच नमस्कार केला. खरोखर केला. मासवणला जाऊन सूर्या नदी बघून आला त्या दिवशी मात्र जेवला नाही. बायकोनं विचारलं काय झालं, कोणी काय बोललं का. तर म्हणाला, कोण बोलंल वैनी, एवढी नदी, अन् सरळ समुद्रात. जसं काय घरातलं कोणी गेलं होतं.

तुम्हाला वाटेल हा नुसता वेडा. तसं नव्हतं. कामाला वाघ होता. रोज सकाळी हातात काठी घेऊन बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. बांधाचा खरा वैरी खेकडा. त्याच्या बिळातून पाणी झिरपतं, झिरपता झिरपता वाट करतं. आमचे लोक खेकडा दिसला की पकडून कालवण करतात आणि बीळ तसंच सोडतात. हा खेकडा खायचा नाही, मासळीच्या वासानं नाक धरायचा, पण बीळ एक सोडायचा नाही. काठी घालून बघायचा, चिखलाचा गोळा कोंबायचा, वर टाच मारायची आणि आत बसलेल्या खेकड्याला सांगायचा, बस आता, सरकारी जागेत घर बांधतोस व्हय. बांधापुढं चिखलात लाटा अडवणारी तिवराची झाडं असतात, ती कोणी सरपणाला तोडली तर काठी घेऊन मागे लागायचा. माझ्याच मेव्हण्याला त्यानं पार केळव्याच्या रस्त्यापर्यंत पळवलं होतं. मेव्हणा तिवराची मोळी फेकून सुटला. यानं ती मोळी डोक्यावर घेऊन परत आणली आणि जिथून तोडली होती तिथं फांदी फांदी चिखलात खोचून ठेवली. आता तोडलेली फांदी कशी जगणार. पण त्यातली एक-दोन जगली म्हणे, असं तो पुढे सगळ्यांना दाखवायचा. मला तरी त्या जुन्याच दिसायच्या.

त्याची खरी करामत उघाडीची. त्याला ती मोरी बघवायची नाही. ओहोटी लागली की झडप उघडायची आणि पावसाचं गोडं पाणी धो धो खाडीत जायचं. तो तिथं बांधावर बसून बघायचा, आणि आपल्या मांडीवर मुठी मारायचा. पहिल्या पावसाळ्यात नुसतं बघितलं. दुसऱ्या वर्षी मोरीच्या आतल्या अंगाला, दगडात खाच होती, तिच्यात त्यानं एकावर एक फळ्या बसवल्या. भाद्रपद संपायच्या बेतात, पाऊस उतरल्यावर. म्हणजे शेवटचं पाणी बाहेर न जाता आतच राहिलं आणि जमिनीत मुरत गेलं.

आणि त्या वर्षी काय मजा आली. गावाची विहीर दर साली संक्रांतीनंतर मचूळ व्हायची. मग बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पार रेल्वेच्या बाजूला जावं लागायचं. त्या वर्षी शिमगा झाला तरी विहीर गोडी. लोकांनी वाल लावले, वांगी लावली, कोणी कोणी टोमॅटो करून बोईसरच्या बाजाराला नेले. सालवडच्या चाळीतले कारखान्यातले लोक वजन करायला थांबायचे नाहीत, टोपली पुरी घ्यायचे. माझ्या बायकोनं त्या उन्हाळ्यात हंडा घेऊन एकही खेप केली नाही. ती उठायची, विहिरीवर जायची, पाणी चाखायची आणि परत यायची. गरज नसली तरी चाखायची. दुष्काळ म्हणजे आम्हाला देवाचं देणं झालं. कोणाच्या घरी लग्न असलं तर पहिला नारळ त्याला. नाना म्हणून गावातला जुना माणूस होता, बांधाचं काम कोणी कधी करायचं हे तोच ठरवायचा, तो सहसा कोणाला चांगलं म्हणायचा नाही. तोही म्हणाला, या माणसाची बदली होऊ द्यायची नाय.

म्हणून त्याच्या पुढच्या वर्षी श्रावण कोरडा गेला तेव्हा फळ्या लवकर घालायला त्याला कोणाला सांगावं लागलं नाही, आणि कोणी अडवलंही नाही. उलट फळ्या उचलून न्यायला आम्हीच होतो. बायको पुढे. तो फळी बसवायचा आणि ती वरून सांगायची, सायेब, अजून एक बसते, बसवा. सगळ्या गावाला गोड्या पाण्याची चटक लागलेली. पाऊस अजून उरलाय, भाद्रपद जायचाय, हे सगळ्यांना कळत होतं. पण कळलं तरी माणूस हावेला सांगत नाही.

गौरी गेल्या आणि पाऊस आला. आला तो थांबेना. डोंगराकडून नाले भरून सगळं पाणी आमच्या खारीत, म्हणजे बांधाआतल्या भातजमिनीत उतरलं. भात पोटरीला आलं होतं, पोटात दूध धरलेलं. पाणी भाताच्या कमरेला लागलं. मी पडवीत जाऊन त्याला म्हणालो, फळ्या काढा आता. तो बांधावर निघालाच होता, मी मागोमाग गेलो. बांधावर उभं राहून त्यानं आत बघितलं. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला तेवढंच पाणी, आणि ते गोडं. त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या मालक. आजचा दिस. एवढं पाणी मी जन्मात बघितलं न्हाय, मला बघू द्या."

दुसऱ्या दिवशी त्यानं फळीला हात घातला तर हलेना. लाकूड फुगून दगडात घट्ट बसलेलं. वरून पाऊस. उद्या चार माणसं घेऊन काढू म्हणाला. आणि तो उद्याचा दिवस पौर्णिमेचा, उधाणाचा.

त्या दिवशी उजाडलं तेव्हा समुद्र पार उतरलेला होता. मी गुरांना पेंढा टाकत होतो. तो बांधाकडून पळत आला. पायात एकच चप्पल. अंगणात येऊन उभा राहिला. नुसता हात बांधाकडे. बायको चुलीपुढे होती. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि उठून अंगणाच्या कडेला जाऊन ओरडली, "खांड!"

आमच्याकडे रीत अशी की ही हाक ज्या घराला ऐकू आली त्यानं आधी पुढच्या घराला द्यायची आणि मगच घराबाहेर पडायचं. मग प्रत्येक घरातून निदान एक माणूस आणि एक पेंढ्याचा भारा बांधावर. जो येणार नाही त्याच्या घरी वर्षभर कोणी जेवायला जायचं नाही, मग लग्न असो की बारावं. माझ्या बायकोची हाक पार खाडीपलीकडच्या पाड्यावर गेली, असं पुढं तिथल्या लोकांनीच सांगितलं. ते पण आले. त्यांचा बांध नाही, त्यांचं भात नाही, पण हाक ऐकली म्हणून आले.

बांध आतून फुटला होता. आतलं पाणी माथ्यावरून वाहायला लागलं आणि माती घेऊन बाहेर पडलं. बैलगाडी आडवी जाईल एवढी खांड. त्यातून आमचं गोडं पाणी खाडीत चाललेलं, लाल, भोवरे घेत. ते जाणं वाईट नव्हतं. वाईट पुढं होतं. दुपारी उधाणाची भरती. तोवर खांड बुजली नाही तर याच वाटेनं समुद्र आत, आणि पोटरीतलं भात एका भरतीत जळणार. कोणाला समजावून सांगायला नको होतं.

नाना आला. त्यानं दुष्काळाकडे बघितलं, आणि आम्हाला वाटलं आता हा त्याला बोलणार. एक म्हातारी तर बोललीच, बांध माणूस मागतो म्हणून. जुन्या लोकांत तसं बोलायचे. दुष्काळ तिथल्या तिथे म्हणाला, मी हाय की, मला घाला. चेष्टेनं नाही. सदरा काढून खांडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. माझ्या बायकोनं पेंढ्याचा भारा त्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "या हाडांच्या काटक्यांनी खांड बुजणार हाय? पेंढा धरा आनि कामाला लागा."

मग जे काम झालं तसं काम मी पुन्हा कधी बघितलं नाही. नानाची जुनी होडी वर काढून ठेवलेली होती. नाना म्हणाला घ्या. तिच्यावर त्याच्या बापाचा हात फिरलेला, तरी घ्या म्हणाला आणि तोंड फिरवलं. आम्ही ती ओढत आणली, खांडीच्या तोंडात आडवी लावली, आणि सगळे मिळून तिच्यात चिखल भरायला लागलो. पाण्याचा जोर असा की होडी फिरायची. माणसं पाण्यात उतरून तिला पाठ लावून उभी राहिली. मी होतो, मेव्हणा होता, दुष्काळ होता. त्याला पोहता येत नव्हतं. पाणी छातीला लागलं की डोळे मिटायचा आणि आकाशाकडे तोंड करून कसल्या तरी देवाला शिव्या घालायचा. होडी भरली आणि एकदम बसली. आम्ही ओरडलो.

मग पेंढ्यात चिखल गुंडाळून गोळे, त्यावर कारखान्याच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरून, त्यावर पुन्हा चिखल. बायकांची रांग लागली. माझी बायको रांगेच्या तोंडाशी. तिच्या पाटीला तळ नव्हता की काय, इतकी भरभर यायची. केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला, कपाळावरचं कुंकू चिखलात कुठे गेलं ते कळलं नाही. जाता-येता सगळ्यांना बोलायची. मेव्हण्याला म्हणाली, तिवरं तोडताना हात चालतात, आता काय मेलेत का. मेव्हणा पळायला लागला.

माथा वर आला, पण ओला लगदा. भरती लागली होती. समुद्र वर चढताना आवाज करत नाही, एवढंच दिसतं की मघाशी दिसत होता तो दगड आता दिसत नाही. नानानं चिखलात काठी घातली, ती सरळ आत गेली. म्हणाला, असा राहणार नाय, तुडवा. आम्ही तुडवायला लागलो तर जो तो आपापल्या पायानं. एकीकडे दबायचं तर दुसरीकडे फुगायचं. तेव्हा नाना म्हणाला, "गौरीचा ढोलका आना. नाचा."

गौरीचा नाच म्हणजे सगळ्यांचा पाय एकदम पडतो. माझा मेव्हणा ढोलका घेऊन आला. पावसात त्याचं चामडं ओलावलेलं, धपधप वाजायचं, पण वाजायचं. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्या लगद्यावर उभे राहिले. माझ्या बायकोनं गाणं उचललं. गौरी तर परत गेलेली. तिनं शब्द तिथंच जुळवले. "हलू पाय टाक गो गौरी, बांध ओला हाय." आम्ही मागे म्हटलं. पाय पडला. बांध हलला. पुन्हा पाय पडला. थोड्या वेळानं तिनं शब्द बदलले, "जोरात पाय टाक गो गौरी, समुद्र आला हाय." हसू आणि रडू दोन्ही येत होतं आणि पाय थांबत नव्हते.

दुष्काळाला हा नाच येत नव्हता. त्याला शाळेतली लेझीम तेवढी यायची. आम्ही गोल फिरायचो, तो मधे उभा राहून हातात नसलेली लेझीम वाजवत खाली वाकायचा, वर उसळायचा, पुन्हा खाली. त्याचा पाय आमच्या पायाबरोबर एकदाही पडला नाही. पण जिथं आमचे पाय पोचत नव्हते तो मधला भाग त्यानं एकट्यानं तुडवला.

भरती माथ्याशी आली. वीतभर राहिली. लाट आली की तोंडावर खारं पाणी. कोणी खाली उतरलं नाही. गाणं बंद पडलं, ढोलका बंद पडला, पाय पडतच राहिले. बायको माझ्या शेजारी होती. तिचा हात माझ्या कमरेत इतका घट्ट होता की बोटं रुतलेली. मी समुद्राकडे बघत नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिच्या तोंडावरून मला कळलं असतं. बराच वेळ ती तशीच. मग तिनं श्वास सोडला.

समुद्र उतरायला लागला. लोक जिथं होते तिथं चिखलात बसले. पण नाना बसला नाही. तो पाठमोरा होऊन आत बघत होता. डोंगराचं पाणी येतच होतं, आता बाहेर जायला वाट नाही. समुद्र थोपवला, पण रात्रीच्या आत आतलं पाणी सोडलं नाही तर हा नवा ओला बांध आतून पुन्हा जाणार. उघाडीच्या फळ्या काढायला हव्या होत्या.

दुष्काळ उठला. दोर घेतला आणि उघाडीकडे गेला. मी आणि मेव्हणा त्याच्याबरोबर पाण्यात उतरलो. सगळ्यात वरच्या फळीला दोर बांधला. पहारीनं खाच मोकळी केली. फळी हलली. आता नुसतं ओढायचं होतं. त्यानं दोर दोन्ही हातांनी धरला आणि ओढेना. आम्ही म्हणालो, सायेब, ओढा. तो आतल्या पाण्याकडे बघत उभा. भाताच्या शेंड्यांतून ते पाणी पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं, वर ढग फाटून ऊन पडलेलं. ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मला ऐकू आलं नाही.

माझी बायको वरून उतरली. कमरेएवढ्या पाण्यात त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. उन्हाळाभर ज्या पाण्यासाठी ती रोज विहिरीवर जाऊन जीभ लावायची, तेच हे पाणी, हे तिलाही माहीत होतं. तिनं त्याच्या हाताच्या पुढे दोर धरला.

"सायेब, ते ऱ्हायाला आलंच नव्हतं," ती म्हणाली. "जाऊ दे. माझे बी हात लागू दे त्याला."

दोघांनी ओढलं. वरची फळी खाडकन निघाली आणि दोघं मागे पाण्यात पडली. मग दुसरी, मग तिसरी, आम्ही सगळ्यांनी हात लावला. बाहेर झडप अशी उघडली की बांध दणाणला. लाल पाणी हिरव्या खाडीत घुसलं. आणि त्या पाण्याबरोबर मासे. इतके दिवस आत अडकून पोसलेले, हाताएवढे मासे, उड्या मारत. लोकांचा थकवा कुठे गेला कोण जाणे. जाळी नव्हती तर लुगड्याचे पदर पसरले, पाट्या धरल्या. आणि तो दुष्काळ, मासळीच्या वासानं नाक धरणारा, दोन्ही हात पसरून मोरीच्या तोंडाशी उभा राहून ओरडत होता, धरा, धरा लेकाच्यांनो, त्यो गेला, त्यो मोठा गेला. एक मासा त्याच्या छातीवर आपटला. त्यानं तो कवटाळला आणि आता काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला, मासा हातात फडफडतोय आणि याचं तोंड वासलेलं.

माझ्या बायकोनं ते बघितलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिथंच पाण्यात बसली. डोळ्यांत, केसांत, दातांतसुद्धा चिखल. श्वास घ्यायला थांबायची, त्याच्याकडे बघायची, पुन्हा हसायची. लोक मला हाका मारत होते, मासे चाललेत, ये म्हणून. मी गेलो नाही. मी तिथंच उभा राहून तिला बघत राहिलो.